काशिनाथ भंडाऱ्याच्या पोटदुखीची बखर

श्री दर्यादेव प्रसन्न. ज्याचे पाठीवर आमचे राज्य डुलते आणि ज्याचे डुलण्याने आमच्या विद्वानांचे जेवण वर येते, त्या खाऱ्या दैवतास आधी नारळ, मग दंडवत. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, पश्चिम समुद्रात एक दौलत चालती जाहली. तिचे नाव लिहिण्याची आम्हांस मनाई आहे, सबब नुसती दौलत म्हणतो. दौलत लोखंडाची, रंगाने पांढरी, जागोजाग गंजलेली; तिला जमीन नाही, पाणी मात्र चहूंकडे, आणि तेही पिता येत नाही. समुद्राचा शोध घ्यावा म्हणून सरकारने ती बांधिली, आणि तीत नाना शास्त्रांचे पंडित भरून पाठविले. ऐसी दौलत की जीस राजे दोन. एक कप्तान इस्माईल मुकादम, बाणकोटकडील, बापआजा दर्यावर्दी, दाढी पिकलेली, बोलणे थोडके. जहाज कोठे न्यावे आणि कैसे न्यावे हा अंमल त्यांचा. दुसऱ्या डॉक्टर रेवतीबाई धामणस्कर, मोहिमेच्या मुख्य शास्त्रज्ञ, पाण्याच्या जाणत्या, चष्मा गळ्यात आणि शोध मात्र टेबलावर चाललेला. तेथे जाऊन काय करावे हा अंमल बाईंचा. मग उभयतांमध्ये रोज सकाळी चहावर तह होई, आणि दुपारच्या जेवणाआधी मोडे.

आता मोहिमेचे कारण ऐका. मागील साली बाईंनी भर समुद्रात एक यंत्र तळाशी सोडिले होते. त्याचे पायी लोखंडी वजन, माथ्यास फुगे, आणि पोटात ऐशी करामत की खालच्या पाण्यात श्वास घेण्याजोगी हवा किती उरली ते वर्षभर मोजीत बसावे. कारण समुद्रात काही ठिकाणी पाणी गुदमरत चालले आहे, मासे तेथून पळतात किंवा मरतात, आणि ते का व कोठवर, हे त्या यंत्रावाचून कळणार नव्हते. वरून जहाजाने साद घालावी, यंत्राने ती ऐकून पायीचे वजन सोडावे, आणि फुग्यांच्या जोरावर वर यावे, ऐसा करार. परंतु यंत्राची बॅटरी सरत आली होती. या मोहिमेत काढिले तर हाती, नाहीतर गेले. बाईंची ही नोकरीतील शेवटली मोहीम, आणि त्या यंत्रामागे त्यांचे केस पांढरे जाहले होते, हे सर्वांस ठाऊक होते.

त्या दौलतीत डॉक्टर हेरंब गुर्जर म्हणोन एक सरदार होते. खोल पाण्यातील माशांचे पंडित, देखणे, सुगंधी तेल लावणारे, आणि समुद्र किंचित हलला की आडवे होणारे. त्यांचे मनात बहुत दिवसांची आस की एखादा मासा जगाने न पाहिलेला सापडावा आणि त्यास आपले नाव द्यावे. आणि काय आश्चर्य, एके दिवशी त्यांचे जाळ्यात काळाकुळीत, बटाट्याएवढ्या डोळ्यांचा, तोंडभर दातांचा ऐसा एक मासा आला की पाहणाऱ्याने मागे सरावे. गुर्जर आनंदाने नाचले, नाचता नाचता त्यांस मळमळले, आणि मग त्यांनी मासा पिशवीत घातला. परंतु प्रयोगशाळेचा फ्रीज चिखलवाल्या, म्हणजे समुद्रतळाचा गाळ तपासणाऱ्या, पंडितांनी चिखलाने भरून टाकिला होता. चिखल काढा म्हणावे तर युद्ध होते. तेव्हा गुर्जरांनी कोणास न सांगता मासा मुदपाकखान्याच्या फ्रीजात, कोळंबीशेजारी ठेविला, आणि निश्चिंत होऊन दोन दिवस लोळत पडले.

मुदपाकखान्याचा अंमलदार काशिनाथ कोयंडे. जहाजावर स्वयंपाक्यास भंडारी म्हणतात, तो हा भंडारी. देवगडकडील मासेमार गाबीत, आवाज मोठा, हात त्याहून मोठा, आणि दौलतीत खरी सत्ता कोणाची ऐसे कोणी पुसले तर दोन्ही राजे गुपचूप त्याचेकडे बोट दाखवीत. तिसरे दिवशी गुर्जर फ्रीज उघडून पाहतात तो मासा नाही. मग ते ओरडत आले की, "काशिनाथ, माझा मासा कुठाय?" काशिनाथ कांदा चिरीत होता, तो वर न पाहता म्हणाला, "खंयचो मासो?" "काळा! मोठ्या डोळ्यांचा! पिशवीत होता!" "तो होय. त्याचा तिखला केलंय काल. वायच कडू व्हतो, म्हणान कोकम जास्त घातलंय." गुर्जर भिंतीस टेकले आणि म्हणाले, "अरे, पिशवीवर चिठ्ठी होती!" तेव्हा काशिनाथ बोलिला, "चिठ्ठी भिजान गेली. माज्या फ्रीजात येतलो तो मासो रांधूचो, ह्याच माका ठावक. तुमचो पावणो व्हतो तर सांगूचा व्हता."

मग गुर्जरांनी न्याय मागितला. कप्तानांनी जेवणघरात सभा भरविली, रेवतीबाई शेजारी बसल्या, आणि सर्व पंडित आणि खलाशी भिंतीस लागून उभे राहिले, कारण इतके दिवसांत करमणूक ऐसी काही जाहली नव्हती. गुर्जरांनी मोठे भाषण केले की, शास्त्राची हानी जाहली, देशाची हानी जाहली, जगास तोंड कैसे दाखवावे. कप्तान सर्व ऐकून घेऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काल दुपारी आपण काय जेवलात?" गुर्जर म्हणाले, "भात. आणि... तिखलं." "किती वेळा घेतलंत?" मागून कोणी खोकले. "दोनदा," ऐसे गुर्जर अगदी हळू बोलले. कप्तान उठले आणि म्हणाले, "मग पुरावा आपल्याच पोटात आहे. सभा संपली." आणि सर्व हसत हसत पांगले, आणि गुर्जर त्या दिवसापासून काशिनाथाशी बोलेनासे जाहले. जेवण मात्र घेत, कारण दुसरा भंडारी दौलतीत नव्हता.

मग जहाज यंत्राचे ठिकाणी पोचले. हवा बिघडण्याचे लक्षण होते, दक्षिणेस वादळ उठल्याची खबर होती, परंतु ते दूर होते. सकाळी बाईंनी साद घातली, आणि तळातून यंत्राने उत्तर दिले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. बाईंनी मग वजन सोडण्याचा हुकूम दिला, यंत्राने हुकूम मानिल्याचे कळविले, आणि सर्व कठड्यास जाऊन पाण्याकडे पाहात राहिले. परंतु यंत्र येईना. खाली चिखलात रुतले की जाळ्यात गुंतले, कोणास ठाऊक. पुन्हा साद, पुन्हा उत्तर, आणि उत्तर प्रत्येक खेपेस क्षीण. मग मसलत ठरली की लांब तारेस आकडा बांधून तळ घासावा आणि यंत्र ओढून काढावे. काम जिकिरीचे, दिवसभराचे. तार सोडिली आणि आकडा खाली जाऊ लागला, तोच मुदपाकखान्यात मोठा आवाज जाहला, आणि पाहतात तो काशिनाथ जमिनीवर, पोट धरून, घामाने भिजलेला, आणि वरणाचे पातेले उलटलेले.

हे पाहताच दौलतीत हाहाकार उडाला, कारण सर्वांचे मनी एकच आले की तो काळा मासा विषारी होता. ज्याने त्याने आपापले पोट चाचपून पाहिले, आणि चाचपल्यावर प्रत्येकास दुखू लागले. गुर्जर तर पांढरेफटक पडले, कारण त्यांनी दोनदा घेतले होते. काशिनाथास उचलून खाटेवर निजविले, आणि भोवती सर्व पंडित जमले. त्याने डोळे उघडून पाहिले आणि कण्हत बोलिला, "तुमी सगळे डाक्तर मां? मगे बगा तरी माजा काय झाला." पंडित एकमेकांकडे पाहू लागले. बाई म्हणाल्या, "काशिनाथ, आम्ही तसले डॉक्टर नाही रे." "मगे कसले?" "मी पाण्याची." दुसऱ्याकडे पाहिले, तो म्हणाला, "मी चिखलाचा." तिसरा म्हणाला, "मी लाटांचा." मग गुर्जर पुढे आले आणि म्हणाले, "मी माशांचा." तेव्हा काशिनाथ त्या दुखण्यातही म्हणाला, "अरे देवा माज्या! एवडे डाक्तर बोटीर, आणि माणसांचो एकय नाय?"

मग कप्तानांनी उपग्रहाचे फोनवरून किनाऱ्यावरील खरे डॉक्टर गाठले. त्या बाई होत्या, आवाज खणखणीत. त्यांनी पुसले की रोग्याजवळ कोण आहे, आणि जो जवळ सापडला तो गुर्जर, सबब फोन त्यांचे हाती आला. "उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली दाबा," ऐसी आज्ञा जाहली. गुर्जरांनी दाबिले. "आता एकदम सोडा." सोडिताच काशिनाथ ऐसा किंचाळला की वर डेकावरील माणसे थांबली. "ताप?" "आहे." "बाकी कोणाला उलट्या, जुलाब?" गुर्जरांनी मागे वळून पाहिले, सर्वांनी नाही म्हणोन माना हलविल्या. "मग माशाचं काही नाही. अपेंडिक्स वाटतंय. सांगते ती इंजेक्शनं द्या आणि ताबडतोब आणा त्याला. ते फुटलं तर समुद्रात काही करता येणार नाही." हे ऐकून गुर्जर मोठ्याने बोलून गेले, "सुटलो रे देवा!" आणि सर्वांचे चेहरे उजळले, पोटे तत्काळ बरी जाहली. काशिनाथ त्यांजकडे पाहात राहिला. "तुमी सुटलात," तो म्हणाला, "आणि मी?" मग जो तो खाली पाहू लागला.

आता संकट ऐसे की किनारा दूर. हेलिकॉप्टर एवढे लांब येऊ शकत नव्हते. जहाजाने तडक निघून किनाऱ्याकडे बरेच अंतर तोडावे, तेव्हा कोठे हेलिकॉप्टरची धाव पोचणार. आणि निघावे तर तार गुंडाळून, आकडा काढून, यंत्र सोडून. परतून येईतो बॅटरी संपलेली आणि वादळ या पाण्यावर आलेले. कप्तान बाईंजवळ येऊन म्हणाले, "बाई, कायद्यानं शब्द माझा आहे. पण डॉक्टरीण म्हणते, औषधानं थोडा वेळ निभेल, नाहीही निभणार. तुमचं आयुष्य त्या यंत्रात आहे हे मला दिसतं. तुम्ही म्हणालात तर दिवस मावळेपर्यंत थांबतो. त्याच्यापुढे अल्ला आला तरी नाही." कप्तानांनी हे बोलावयास नको होते, ऐसे आमचे मत. परंतु ते भल्या मनाने बोलले, आणि ओझे बाईंचे माथी आले.

बाई कठड्याशी गेल्या. तार पाण्यात ताणलेली होती, आणि नुकताच तीस कोठेतरी हिसका बसला होता, म्हणजे आकडा काहीतरी धरीत होता. चिखलवाले पंडित ओरडले, "बाई, लागलंय काहीतरी!" मग त्या झपझप काशिनाथाच्या खोलीकडे गेल्या. आत गुर्जर खाटेपाशी बसून ओला पंचा त्याचे कपाळी ठेवीत होते. कोणी त्यांस बसविले नव्हते. ते आपणहून बसले होते, आणि जहाज हलत असता त्यांस मळमळ होत नव्हती हे त्यांचेही ध्यानी आले नव्हते. बाई वाकून म्हणाल्या, "काशिनाथ, कसं वाटतंय? यंत्राला आकडा लागल्यासारखा वाटतोय. संध्याकाळपर्यंत... तुला निभेल का रे?" काशिनाथाने डोळे उघडिले. ओठ पांढरे, परंतु बाईंपुढे तो हसावयास पाहात होता. "तुमी तुमचा यंत्र काडा, बाय," तो म्हणाला. "माजा पोट खंय पळान जाता? मी रवतंय." बाईंचे जिवात जीव आला, आणि त्या उठू लागल्या.

तेव्हा गुर्जर बोलले. आजवर सभेत बहुत बोलले होते, परंतु ऐसे कधी नाही. ते म्हणाले, "त्याला कशाला विचारता, बाई?" बाई थबकल्या. "म्हणजे?" "तो तुम्हाला नाही म्हणेल का कधी? समुद्रात उडी मार म्हणालात तर चप्पल काढून मारेल. त्यानं हो म्हणावं म्हणूनच आलात ना तुम्ही?" बाई लाल जाहल्या आणि म्हणाल्या, "गुर्जर, तुम्ही तुमच्या मर्यादेत राहा." गुर्जर पंचा पिळीत म्हणाले, "राहतो. पण मघाशी माझ्या हाताखाली याचं पोट लाकडासारखं लागलं. तुम्ही हात लावून बघा, मग हवं तर थांबा." बाईंनी हात पुढे केला, आणि काशिनाथाने, जो आताच मी राहतो म्हणाला होता, तो हात येताना पाहून भीतीने अंग चोरिले. बाईंनी हात लाविला नाही. एकदम वळल्या, आणि जिना चढून कप्तानांपाशी जाऊन म्हणाल्या, "तार कापा." कप्तान म्हणाले, "गुंडाळतो की." बाई म्हणाल्या, "गुंडाळायला वेळ जाईल. कापा. आणि जितकं जोरात जाता येईल तितकं चला." आणि ऐसे म्हणोन त्या आपले खोलीत गेल्या आणि दार लावून घेतले. आत काय जाहले ते आम्हांस ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी लिहिले नसते.

मग जहाज किनाऱ्याकडे धावू लागले आणि दौलतीवर दुसरे संकट आले, ते भुकेचे. चिखलवाल्यांनी भात लाविला, तो चिखल जाहला. लाटांच्या पंडितांनी चपाती केली, ती कोणास तोडवेना. शेवटी गुर्जर काशिनाथास पुसून पुसून मुदपाकखान्यात जाऊ येऊ लागले, खाटेवरून हुकूम सुटत, "आता हळद! रे, एवडी नको!" आणि गुर्जर धावत जात. जी खिचडी निघाली ती सर्वांनी खाल्ली आणि कोणी तिचे नाव काढिले नाही. काशिनाथाचा ताप मात्र चढत होता. मग त्याचे हुकूमही थांबले, आणि ते थांबले तेव्हा सर्व दौलत घाबरली.

दुसरे दिवशी ऊन वर आले तेव्हा हेलिकॉप्टर दिसले. वारा सुटला होता, जहाज डोलत होते, वरून दोर सोडिला आणि झोळी खाली आली. काशिनाथास तीत बांधिताना त्यास शुद्ध आली, आणि तो गुर्जरांचा हात धरून काही सांगू लागला. पंख्यांचा आवाज मोठा, ऐकू येईना. गुर्जरांनी कान तोंडाशी नेला. पुढे सर्वांनी पुसले की काय म्हणाला, कारण सर्वांस वाटले की निरवानिरवीचे बोलणे असेल. गुर्जर डोळे पुशीत म्हणाले, "वाल भिजत घातलेत. आज सोलले नाहीत तर वास मारतील म्हणाला." आणि झोळी वर गेली, गरगर फिरली, आत ओढली गेली. सर्व पंडित मग डेकावर गोल बसून वाल सोलीत राहिले. बाईही बसल्या. कोणी शास्त्र काढिले नाही.

सायंकाळी फोन आला की शस्त्रक्रिया जाहली. अपेंडिक्स फुटलेच होते, परंतु नुकतेच. आणखी चार तास गेले असते तर हा फोन वेगळा आला असता, ऐसे त्या खणखणीत आवाजाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दौलतीत जयजयकार जाहला. खलाशी नाचले, गुर्जरांनी कप्तानांस मिठी मारिली, कप्तानांस ती आवडली नाही. बाई हसल्या, आणि मग कठड्याशी जाऊन बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. कप्तान त्यांजपाशी जाऊन चहाचा पेला ठेवून आले.

मग जहाज परत यंत्राचे ठिकाणी गेले, वादळाची कड चाटीत. बाईंनी साद घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली, जागा बदलून घातली, कानास हेडफोन लावून बसल्या. खाली निव्वळ समुद्र. शेवटी बाईंनी सर्वांस बोलावून सांगितले, "गेलं. कोणी तोंड पाडून बसू नका, मला बघवत नाही. उरलेल्या दिवसांत पाण्याचे नमुने घेऊ. वर्षाचं नाही कळणार, आजचं तरी कळेल." मग गुर्जरांनी आपल्या जाळ्यांची सर्व पाळी बाईंस दिली, जी पाळी ते पूर्वी सख्ख्या भावासही न देते. आणि सर्वांनी, चिखलवाले, लाटावाले, सर्वांनी मिळून पाणी काढिले, वारा सोशीत.

मोहीम संपवून दौलत बंदरास लागली. धक्क्यावर काशिनाथाची बायको शेवंती उभी होती, नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी नेण्यास आलेली. तो दवाखान्यात होता, सुधारत होता. बाई स्वतः पिशवी घेऊन उतरल्या. शेवंती म्हणाली, "पाण्याची बाय ती तुमीच? तेनी सांगितल्यानी. बोट तुमीच वळवलात." बाईंनी पिशवी दिली, आणि जावे की न जावे ऐशा घोटाळल्या, आणि मग म्हणाल्या, "शेवंती, तुला खरं सांगते. मी आधी थांबायला निघाले होते. त्याला विचारायलाही गेले होते." शेवंतीने त्यांजकडे नीट पाहिले. वारा सुटला होता, तिने पदर खोचला. मग पुसले, "मगे रवलात काय?" बाई म्हणाल्या, "नाही." "मगे झाला तर," शेवंती म्हणाली, आणि पिशवी काखेस मारून रिक्षाकडे चालू लागली, कारण नवऱ्याची पेज थंड होत होती. बाई धक्क्यावर उभ्याच राहिल्या, आणि कप्तानांनी वरून हाक मारीपर्यंत त्यांस हालावेसे वाटले नाही.

येणेप्रमाणे मोहीम जाहली. यंत्र समुद्राने ठेवून घेतले, भंडारी घरी परतला. पाणी कोठवर गुदमरते ते दौलतीस पुरते कळले नाही, ते पुढील लोक शोधतील. बखर लिहिणाराने पाहिले तितके लिहिले, ऐकले ते वगळिले, आणि कोणास राग आल्यास त्याने तो दर्यात टाकावा. लेखनसीमा.